माझ्या प्रबंधातला उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडतच नाही, काय करू?

वऱ्हाडी मास्तर | शनि, ०९/०८/२०२५ - २२:४२

नमस्कार राजेहो. नारळीभात खाऊन सुस्तावलोय, पण डोक्यातला भुंगा झोपू देईना, म्हणून बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

मी अमरावती जिल्ह्यात एका कॉलेजात गणित शिकवतो आणि सहा वर्षांपासून पीएचडीचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो. विषय: सुधारित गुरुत्वाकर्षणातली डार्क एनर्जीची मॉडेल्स. आमच्या भागात गणितवाल्यांमध्ये हा विषय बराच चालतो. प्रयोगशाळा लागत नाही, कागद, पेन आणि मेपल (गणिताचं सॉफ्टवेअर) असलं की झालं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरच्या सुपरनोव्हांवरून दाखवलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नाही, उलट वेग घेतंय. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चं नोबेल त्यासाठीच. कारण काय? एक उत्तर असं की आइन्स्टाइनने १९१७ मध्ये घातलेला लॅम्डा, किंवा तसलंच काहीतरी, सगळीकडे भरून आहे. ती डार्क एनर्जी. दुसरं उत्तर असं की भरून काहीच नाही, गुरुत्वाकर्षणाचं समीकरणच मोठ्या अंतरावर वेगळं आहे. आइन्स्टाइनच्या कृतीत (जिच्यातून समीकरणं निघतात ती राशी) वक्रता आर नुसती येते; तिच्या जागी आरचं एखादं फल घाला, की झालं एफ(आर). त्यात पदार्थाचा ट्रेस टी (घनता आणि दाब यांतून येणारी एक राशी) मिसळा, की २०११ पासूनचं एफ(आर, टी). माझी तीन मॉडेल्स या दोन घरांतली आहेत.

गेल्या आठवड्यात पूर्व-सादरीकरण झालं. शेवटच्या प्रकरणात सगळे करतात तेच मी केलंय. क्षितिजाची (प्रसरणाच्या वेगाने ठरणारी आपल्याभोवतीची हद्द) एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, काढायची, आतल्या द्रवाची (पदार्थ आणि डार्क एनर्जी मिळून) काढायची, बेरीज करून आलेख, आणि खाली वाक्य: 'यावरून सामान्यीकृत दुसरा नियम पाळला जातो असे दिसते.' (म्हणजे क्षितिजाची धरून एकूण एन्ट्रॉपी कधी घटत नाही.) बाहेरून आलेले एक सर आलेखाकडे बघून म्हणाले, "हा कधी मोडला असता?" मी म्हटलं, सर, पाळला जातोय. ते म्हणाले, "ते दिसलं हो. कोणत्या मॉडेलात मोडला असता ते सांगा." मला सांगता आलं नाही. पहिल्या बाकावरचे एमएस्सीचे पोट्टे माझ्याकडे बघत होते ते वेगळंच.

तर प्रश्न हाच. हा नियम मोडतो तरी कधी?

---

सुलभाताई | शनि, ०९/०८/२०२५ - २३:०५

मास्तर, मी बँकेतून निवृत्त, भौतिकशास्त्राशी संबंध बारावीपर्यंतचा. पण तुमचे धागे वाचते. आधी एक पायरी खालचा प्रश्न विचारू का? डार्क एनर्जीचा दाब ऋण असतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. दाब ऋण म्हणजे ओढ. ओढ असेल तर विश्व आकसायला हवं, फुगतं कसं?

---

खगोलखुळा | शनि, ०९/०८/२०२५ - २३:१७

ताई, इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजचं तोंड बोटाने दाबा आणि दट्ट्या मागे ओढा. तो परत आत जायला बघतो. तोच ऋण दाब.

---

तिरसट | शनि, ०९/०८/२०२५ - २३:२१

चूक. दट्ट्या आत जातो तो बाहेरच्या हवेच्या दाबाने. आतला दाब कमी आहे, ऋण नाही. चंद्रावर नेऊन करा, दट्ट्या ढिम्म हलणार नाही.

---

खगोलखुळा | शनि, ०९/०८/२०२५ - २३:२४

मान्य. ताणलेलं रबर धरा मग. (तुमचं नाव सार्थ आहे.)

---

शून्यपात्र | रवि, १०/०८/२०२५ - ०१:५०

सध्या युरोपात असल्याने उशिरा आलो. ताईंचा प्रश्न पायरीखालचा अजिबात नाही, सगळा मामला तिथूनच सुरू होतो.

दट्ट्याच्या नळीत हवेऐवजी लॅम्डा भरलाय असं समजा. त्याची घनता कितीही पसरवला तरी तेवढीच राहते, लॅम्डाची व्याख्याच ती. दट्ट्या एक लिटर मागे ओढला की आत एक लिटरची ऊर्जा वाढली. ती आली कुठून? तुम्ही ओढण्याचं काम केलंत त्यातून. हवा भरलेली असती तर तिने दट्ट्या ढकलून स्वतःची ऊर्जा खर्च केली असती. इथे उलटं, म्हणून दाब ऋण, आणि हिशोब तंतोतंत जुळायचा तर बरोबर उणे घनतेइतका. दाब भागिले घनता या गुणोत्तराला डब्ल्यू म्हणतात, लॅम्डासाठी ते उणे एक. पहिल्या नियमापलीकडे यात काहीही वापरलेलं नाही.

आता ओढ असून फुगतं कसं. दाबाने ढकलायला किंवा ओढायला एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असा फरक लागतो. विश्वभर दाब सारखाच, तेव्हा त्याची यांत्रिक ओढ कुणालाच लागत नाही. पण आइन्स्टाइनच्या सिद्धांतात दाबाचंही गुरुत्वाकर्षण असतं. प्रसरणाला लगाम घालणारी राशी घनता अधिक तीन पट दाब अशी येते. दाब उणे घनतेइतका असेल तर बेरीज उणे दोन घनता. लगाम सुटला आणि चाबूक बसला.

मास्तरांच्या प्रश्नावर उद्या लिहितो. पण मास्तर, तोवर एक काम करा. तुमचं कोणतंही मॉडेल बाजूला ठेवा, साधी आइन्स्टाइनची सपाट विश्वाची समीकरणं घ्या, एच (प्रसरणाचा दर) कसाही बदलू द्या, आणि तुमच्याच पद्धतीने एकूण एन्ट्रॉपीचा बदल काढा. आलेख नको, हातानेच करा.

---

वऱ्हाडी मास्तर | रवि, १०/०८/२०२५ - ०९:१२

काय सांगू भाऊ. सकाळी चहाआधी बसलो आणि चहा गार झाला.

सगळी एककं एक धरून: क्षितिजाची त्रिज्या एकावर एच, म्हणून त्याची एन्ट्रॉपी (क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा) पाय (π) भागिले एच-वर्ग. तिचा बदल उणे दोन पाय एच-डॉट (एच काळानुसार बदलण्याचा दर) भागिले एच-घन. आतल्या द्रवाला क्षितिजाचंच तापमान, म्हणजे एच भागिले दोन पाय, दिलं की त्याचा बदल येतो: तेच पद, पण अधिक चिन्हाचं, गुणिले कंसात एक अधिक एच-डॉट भागिले एच-वर्ग. बेरजेत पहिली पदं कटली. उरलं दोन पाय, गुणिले एच-डॉटचा वर्ग, भागिले एचचा पाचवा घात.

वर्ग! प्रसरणाऱ्या विश्वात हा ऋण होणारच कसा?

---

तिरसट | रवि, १०/०८/२०२५ - ०९:३०

म्हणजे सहा वर्षांत तुम्ही एक वर्ग धन असतो हे आलेख काढून सिद्ध केलंत. अभिनंदन.

---

वऱ्हाडी मास्तर | रवि, १०/०८/२०२५ - ०९:४१

तिरसटराव, मीठ चोळा. पण खरं आहे. माझ्या एफ(आर) मॉडेलात चार पदं जास्त येतात म्हणून ते दिसलं नव्हतं.

वर आणखी एक कबुली. आमच्या पद्धतीत स्केल फॅक्टर (कोणत्या काळी विश्व किती पट फुगलं ते सांगणारं फल) आम्हीच निवडतो. कधी घात आणि एक्स्पोनेन्शियल यांचा गुणाकार, कधी आणखी काही, सुरुवातीला मंदावणारा आणि नंतर वेग घेणारा. मग समीकरणं उलटी चालवून दाब आणि घनता काढायची. विश्वाने कसं फुगायचं ते आम्हीच ठरवणार आणि मग विश्व तसं फुगतं म्हणून आनंदणार. गणित म्हणून चूक नाही, पण मॉडेलाने काही सांगितलं असं त्यातून म्हणता येत नाही. हे मला आधीपासून टोचत होतं.

---

सुलभाताई | रवि, १०/०८/२०२५ - ११:०८

मला वर्ग समजला. पण "आतल्या द्रवाला क्षितिजाचंच तापमान दिलं" हे तुम्ही पटकन म्हणून गेलात. का दिलं? दोन खात्यांना एकच व्याजदर कोणी ठरवला?

---

शून्यपात्र | रवि, १०/०८/२०२५ - १५:३३

ताईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय.

कोणीच ठरवलेला नाही, सोयीसाठी घेतात. लॅम्डाच्या विश्वातल्या क्षितिजाला तापमान असतं हे गिबन्स आणि हॉकिंग यांनी १९७७ मध्ये दाखवलं. आजचा एच घालून ते साधारण १० चा उणे ३०वा घात केल्व्हिन येतं. आणि आकाशात सगळीकडे भरलेल्या पार्श्वभूमी प्रारणाचं (महास्फोटानंतर उरलेल्या प्रकाशाचं) तापमान आहे २.७२५ केल्व्हिन. तीस घातांचा फरक. यांना समतोलात आहेत असं धरणं म्हणजे भट्टीतलं लोखंड आणि फ्रीजमधला बर्फ एकाच तापमानाचा आहे म्हणण्यापेक्षाही वाईट. गृहीत धरायला हरकत नाही, पण ते गृहीत आहे एवढं तरी पेपरात यावं.

बरं, हे गृहीतक काढलं तर काय होतं? आकडे बघा. प्लँक एककांत आपल्या क्षितिजाची एन्ट्रॉपी सुमारे १० चा १२२वा घात. आतल्या सगळ्या फोटॉनांची ८८ ते ९० घातांच्या आसपास. दीर्घिकांच्या पोटातली महाकाय कृष्णविवरं धरली तरी १०४च्या जवळपास. म्हणजे आतलं सगळं हत्तीपुढे मुंगीसुद्धा नाही. तेव्हा दुसरा नियम खरं तर एवढंच विचारतो: क्षितिजाचं क्षेत्रफळ वाढतंय का? म्हणजेच एच-डॉट ऋण आहे का? आइन्स्टाइनच्या चौकटीत हा मोडू शकणारा प्रश्न आहे. विश्वातल्या सगळ्या ऐवजाचा मिळून डब्ल्यू उणे एकच्या खाली गेला की तो मोडतो. मास्तर, तुमच्या सरांना हे उत्तर देता आलं असतं.

---

खगोलखुळा | रवि, १०/०८/२०२५ - १६:०२

थांबा थांबा. मग डेसी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाचं काय? मार्च २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की डब्ल्यू काळानुसार बदलत असावा, आणि पूर्वी तो उणे एकच्या खाली होता. यालाच फँटम म्हणतात! दुसरा नियम मोडला की मग?

(अवांतर: अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर चार मीटरच्या जुन्या दुर्बिणीवर पाच हजार छोटे रोबो बसवलेत, प्रत्येकाच्या टोकाला एक फायबर. एका वेळी पाच हजार दीर्घिकांचे वर्णपट. व्हिडिओ बघाच, मुंग्यांचं वारूळ वाटतं.)

---

तिरसट | रवि, १०/०८/२०२५ - १६:१०

२.८ ते ४.२ सिग्मा (निष्कर्ष योगायोगाचा नसल्याच्या खात्रीचं माप), कोणता सुपरनोव्हांचा संच जोडता त्यावर. पाच होईपर्यंत मी पेढे वाटणार नाही.

---

शून्यपात्र | रवि, १०/०८/२०२५ - १६:४५

तिरसट बरोबर आहेत, आणि आकडा खरा निघाला तरी नियम मोडत नाही. गोम अशी की फँटम आहे तो फक्त डार्क एनर्जीचा डब्ल्यू. तो उणे एकच्या खाली असल्याचा काळ जुना, तेव्हा पदार्थाचा वाटा मोठा होता. पदार्थाचा दाब शून्य. दोघांची सरासरी घेतली की एकूण डब्ल्यू उणे एकच्या बराच वर राहतो. क्षितिज तेव्हाही वाढतच होतं.

बरेच पेपर डार्क एनर्जीचा डब्ल्यू बघून 'फँटम, सबब उष्मागतिकी धोक्यात' असं लिहून मोकळे होतात. बघायचा असतो एकूण.

---

मी नाशिककर | रवि, १०/०८/२०२५ - १८:२०

वाचतोय. पण मूळ शंका राहिलीच. गुरुत्वाकर्षण आणि उष्मागतिकी यांचा संबंध काय? हे म्हणजे कुंडली बघून एमआरआय वाचल्यासारखं वाटतं.

---

खगोलखुळा | रवि, १०/०८/२०२५ - १९:०४

हे मला लिहू द्या, आमच्या पुण्याचा विषय आहे.

बेकेन्स्टाइन आणि हॉकिंग यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते, क्षेत्रफळाच्या प्रमाणात, आणि तापमानही असतं. उन्रूने १९७६ मध्ये दाखवलं की निर्वात पोकळीतून त्वरणाने जाणाऱ्यालाही पोकळी गरम लागते. (फार नाही. एक केल्व्हिनसाठी सेकंद-वर्गाला २.५ गुणिले १० चा २०वा घात मीटर एवढं त्वरण हवं.) मग १९९५ मध्ये जेकबसनने गंमत केली. त्याने उलटीकडून सुरुवात केली: प्रत्येक बिंदूजवळ असं एक छोटं क्षितिज कल्पा, त्यातून जाणारी उष्णता म्हणजे तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल हे माना, एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात हे माना. बाहेर काय पडलं? आइन्स्टाइनचं समीकरण. वायूचं अवस्था-समीकरण असतं तसं.

आणि आयुकातले (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) आपले पद्मनाभन, सगळे ज्यांना पॅडी म्हणत, त्यांनी पुढची जवळजवळ वीस वर्षं याच वाटेवर घालवली. त्यांचा धागा बोल्ट्झमनचा. पाणी तापवता येतं, म्हणजे त्याच्या आत उष्णता साठवणारं काहीतरी बारीक आहे, हे रेणू दिसायच्या कितीतरी आधी कळू शकतं. अवकाशकालही तापतो, मग त्याचे 'रेणू' असलेच पाहिजेत. सप्टेंबर २०२१ मध्ये ते गेले, अवघ्या ६४व्या वर्षी.

तेव्हा नाशिककर, ही कुंडली नाही.

---

वऱ्हाडी मास्तर | रवि, १०/०८/२०२५ - २१:३०

शून्यपात्र, आता सुधारित गुरुत्वाकर्षणाचं सांगा. आइन्स्टाइनमध्ये वर्ग येतो ते कळलं. एफ(आर)मध्ये?

---

शून्यपात्र | सोम, ११/०८/२०२५ - ०२:१५

तिथेच खरी मजा आहे.

एफ(आर)मध्ये एन्ट्रॉपी नुसती क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा राहत नाही. वॉल्डच्या १९९३च्या सूत्राने तिला एफ-प्राइम, म्हणजे एफचा आरने घेतलेला डेरिव्हेटिव्ह, गुणावा लागतो. आता जेकबसनची युक्ती परत करायला गेलात तर हिशोब जुळत नाही. एक पद जास्त उरतं. २००६ मध्ये एलिंग, गेडेन्स आणि जेकबसन यांनी सांगितलं की ते पद म्हणजे अवकाशकालाच्या आतल्या घर्षणाने निर्माण झालेली एन्ट्रॉपी आहे. प्रक्रिया समतोलातली नाहीच. दुसरे लोक म्हणतात, नसती कटकट नको, वक्रतेची जास्तीची सगळी पदं उजव्या बाजूला नेऊन त्यांना 'डार्क एनर्जीचा द्रव' म्हणा, एन्ट्रॉपी परत साधी चौथा हिस्सा ठेवा, समतोल शाबूत.

समीकरण तेच, उत्तरं दोन: एकात एन्ट्रॉपी तयार होते, दुसऱ्यात होत नाही.

---

सुलभाताई | सोम, ११/०८/२०२५ - ०८:५०

अहो हे तर आमचं सस्पेन्स खातं! संध्याकाळी ताळा जुळला नाही की फरक सस्पेन्सला टाकायचा. पुढे कुणी त्याला 'किरकोळ उत्पन्न' म्हणायचं, कुणी 'वसूल व्हायची रक्कम'. ताळेबंद दोन्हीकडे जुळतो. पण ऑडिटर विचारणारच, हे पैसे खरोखर कुणाचे आहेत?

---

शून्यपात्र | सोम, ११/०८/२०२५ - १२:४०

ताई, तुमची उपमा व्याख्यानात वापरू का?

आणि हो, ऑडिटरचा प्रश्न कुठे लागू पडतो ते सांगतो. एफ-प्राइमला चिन्ह आहे. ते ऋण झालं तर एन्ट्रॉपीच ऋण. आता उष्मागतिकी विसरा, वेगळ्या वाटेने या: एफ-प्राइम ऋण असला की ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाकर्षणाचा कण) भुतासारखा वागतो, त्याची गतिज ऊर्जा ऋण होते, सिद्धांत कोसळतो. दोन अगदी वेगळ्या वाटा एकाच खड्ड्यापाशी येतात. ही तपासणी पोकळ नाही, आणि कुठल्याही खात्यात टाकून ती लपवता येत नाही. मास्तर, तुमचा एफ काय आहे?

---

वऱ्हाडी मास्तर | सोम, ११/०८/२०२५ - १३:०५

तिसऱ्या मॉडेलात आर उणे अल्फा आर-वर्ग. अल्फा ०.०१, आजच्या एच-वर्गाच्या एककांत. आलेख रेडशिफ्ट (झेड; जितका मोठा तितका जुना काळ) २ पासून पुढचा, म्हणजे आजच्या दिशेचा, आहे.

---

शून्यपात्र | सोम, ११/०८/२०२५ - १३:५२

अरेरे.

एफ-प्राइम म्हणजे एक उणे दोन अल्फा आर. आर पन्नासच्या वर गेला की ऋण. भूतकाळात आर मोठा होत जातो. तुमचा स्केल फॅक्टर मला माहीत नाही, पण नेहमीचं विश्व (पदार्थ ०.३, लॅम्डा ०.७) धरलं तर आर म्हणजे तीन गुणिले कंसात ०.३ वेळा (१+झेड)चा घन अधिक २.८. हा पन्नास होतो झेड सुमारे २.६ ला. तुमचा आलेख २ ला थांबतो. जरा आणखी डावीकडे गेला असता तर रेषा शून्याखाली बुडलेली दिसली असती.

शिवाय एफचा दुसरा डेरिव्हेटिव्ह उणे दोन अल्फा, तोही ऋण. ती डोल्गोव्ह आणि कावासाकी यांनी २००३ मध्ये दाखवलेली अस्थिरता. स्टारोबिन्स्कीने १९८० मध्ये आर-वर्गाला अधिक चिन्ह दिलं ते उगाच नाही.

---

खगोलखुळा | सोम, ११/०८/२०२५ - १४:३०

आणि एफ(आर, टी)? त्यात तर ऊर्जा टिकतच नाही म्हणतात.

---

शून्यपात्र | सोम, ११/०८/२०२५ - १५:१०

साधारणतः नाही टिकत. त्याचा एक अर्थ असा लावतात की गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रातून पदार्थ तयार होतोय, आणि विश्व ही उघडी प्रणाली धरून उष्मागतिकी लिहितात. पदार्थ तयार होत राहिला की प्रसरण होऊनही घनता हवी तशी घटत नाही, म्हणजे वरच्या दट्ट्याच्या न्यायाने परिणामी दाब ऋण. मराठी माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. हॉइल आणि आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांचं सी-फील्ड नेमकं हेच करत होतं, साठच्या दशकात, आणि स्थिर-स्थिती विश्वाचं प्रसरण वेग घेणारंच होतं. ते मॉडेल पार्श्वभूमी प्रारणापुढे टिकलं नाही हे खरं. पण मे २०२५ मध्ये सर गेले तेव्हा आलेल्या लेखांत हा मुद्दा मला फारसा दिसला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

---

मी नाशिककर | सोम, ११/०८/२०२५ - १९:४४

एवढे सिद्धांत, पण निरीक्षणाने एखादा मेला का?

---

तिरसट | सोम, ११/०८/२०२५ - २०:०१

१७ ऑगस्ट २०१७. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर. गुरुत्वीय लहर आणि गॅमा किरण यांच्यात अंतर १.७ सेकंद. ज्या ज्या सिद्धांतात लहरीचा वेग प्रकाशापेक्षा लक्षणीय वेगळा होता ते एका दुपारी गेले. एफ(आर) वाचला, त्यात वेग तोच असतो. हिंगोलीतला लायगो (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) उभा राहिला की आपल्याकडूनही मारेकरी जातील.

---

वऱ्हाडी मास्तर | गुरु, १४/०८/२०२५ - २३:१८

तीन दिवस गायब होतो. आकृती ५.४ झेड पाचपर्यंत काढली. माझ्या स्केल फॅक्टरने रेषा २.६ ला नाही, २.३ ला बुडते. मार्गदर्शकांना दाखवली. आधी बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "काढून टाकू नका. बुडते तशीच छापा, आणि तिसरं मॉडेल का बाद होतं ते दोन पानं लिहा." पहिल्या दोन मॉडेलांखालचं 'नियम पाळला जातो' हे वाक्य मीच खोडलं. तिथे आता वर्गाचं गणित आणि तापमानाच्या गृहीतकावर एक परिच्छेद आहे. सस्पेन्स खातं प्रबंधात घालता येणार नाही ताई, पण वायव्हात सांगणार.

---

तिरसट | गुरु, १४/०८/२०२५ - २३:२६

चांगलं केलंत, मनापासून. आता एकच. आर-वर्गाचं चिन्ह कशावर अवलंबून असतं ते माहीत आहे ना? मेट्रिकची (अवकाशकालातलं अंतर मोजायच्या सूत्राची) चिन्हपद्धती कोणती घेतलीय? उणे-अधिक-अधिक-अधिक की उलटी? प्रसरणाऱ्या विश्वात आर काही पुस्तकांत धन येतो, काहींत ऋण.

---

वऱ्हाडी मास्तर | शुक्र, १५/०८/२०२५ - ००:०९

पाचव्या प्रकरणात धन येतो, सगळं ठीक आहे.

आत्ता दुसरं प्रकरण उघडून बघितलं. तिथे उलटी पद्धत आहे. ते २०२० मध्ये लिहिलं होतं, वेगळ्या पेपरावरून. उद्या झेंडावंदन झालं की बसतो.